अकरा मीटर अठ्ठावीस

पोहण्याच्या तलावाच्या खिडकीवर दर बुधवारी चार वाजता एक भांडण होत असे, आणि ते काटेसाहेब करत असत. खिडकीतली बाई त्याला इतकी सरावली होती की ते फाटकातून शिरताना दिसले की ती चहाचा कप बाजूला सारायची, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवायची आणि म्हणायची, "बोला."

त्या बुधवारी विषय टोपीचा होता. तलावावर लहान मुलांच्या चार पायऱ्या होत्या : बेडूक, कासव, बदक आणि मासा. बेडकाची टोपी हिरवी, कासवाची तपकिरी, बदकाची पिवळी, माशाची निळी. एका पायरीचे आठ धडे. आठव्या धड्याला परीक्षा. पास झालं की पुढची पायरी, नापास झालं की तीच पायरी पुन्हा, आणि पैसे दोन्ही वेळा आधी. काटेसाहेबांची सहा वर्षांची मुलगी भिंगरी बेडूक आणि कासव एका दमात झाली होती. बदकाला मात्र अडकली. दोनदा नापास होऊन आता तिसऱ्यांदा बदक होणार होती, आणि खिडकीतली बाई तिसरी पिवळी टोपी पुढे सरकवत होती.

काटेसाहेबांनी खिशातून आधीच्या दोन पिवळ्या टोप्या काढल्या, फळीवर शेजारी शेजारी ठेवल्या आणि विचारलं, की डोकं एकच असताना तिसरी कशाला. बाई म्हणाली, नवा वर्ग, नवी टोपी, नियम छापील आहे. काटेसाहेबांनी छापील नियम मागितला. तिने दाखवला. तो वाचून त्यांनी तिसऱ्या टोपीचे पैसे मोजले. पण मोजताना प्रत्येक नोट अशी ठेवली, की जणू ती तलावात बुडवायलाच आणली होती.

ते वजनमापं तपासणाऱ्या खात्यात निरीक्षक होते. बावीस वर्षं त्यांनी बाजारातल्या पारड्यांखाली चिकटवलेली लोहचुंबकं आणि डब्यांच्या तळाशी ओतलेलं मेण शोधून काढलं होतं, म्हणून बाजाराने त्यांचं मूळ नाव मोडीत काढून हे ठेवलं. स्वभावाचाही त्याला हातभार होताच. त्यांच्या घरी दूध आधी मापात उतरे आणि मग पातेल्यात. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात बायकोने साखरेचा डबा लपवून ठेवला होता, कारण नवरा तो रोज तोलून बघत होता आणि रोज तिच्या तोंडाकडे बघत होता.

अशा माणसाला पोहण्याचा वर्ग म्हणजे दर बुधवारी मिठात भिजवलेला चाबूकच. शिकवणीची फी वेगळी, तलावात शिरण्याची वेगळी, कपाटाच्या किल्लीची वेगळी. पालकांनी काचेमागच्या बाकावर बसायचं तर त्याचंही तिकीट. एका पायरीची सगळी बेरीज त्यांच्या पाच दिवसांच्या पगाराइतकी होई. शिवाय अर्ध्या तासाचा धडा त्यांनी घड्याळ लावून पाहिला, तर तेवीस मिनिटं भरला. सहा मुलांत वाटला, तर भिंगरीच्या वाट्याला चार मिनिटंही धड येईनात. बाजारात एवढी तूट निघाली असती, तर त्यांनी दुकानाला कुलूप लावलं असतं.

आणि तरी पैसे भरत होते, याचं कारण नदी. त्यांचं घर नदीच्या एका काठाला आणि भिंगरीची शाळा दुसऱ्या काठाला. रोज सकाळी आई तिला बोटीतून पलीकडे नेई, कारण तिची नोकरीही तिकडेच, इस्पितळाच्या धुलाईघरात होती. चाळीस माणसं घेणाऱ्या त्या बोटीत लाइफ जॅकेटं बारा, आणि त्यातल्या चारांच्या दोऱ्या तुटलेल्या. मागच्या वर्षी धक्क्याला लागताना बोट कलंडली आणि सात-आठ जण पाण्यात गेले. सगळे निघाले. पण भिंगरीच्या आईने त्या दिवशी एका शाळकरी पोराला केसांना धरून वर ओढताना पाहिलं होतं, आणि घरी येऊन एवढंच म्हटलं होतं, की पोरीला पोहता येईपर्यंत या घरात दुसरा कुठलाही खर्च निघणार नाही. धुलाईघरात बत्तीस माणसं तिच्या हाताखाली होती. तिचं बोलणं घरातही तसंच चाले.

बदकाची परीक्षा सरळ होती. उथळ तलावाच्या भिंतीपासून निघायचं आणि आडवा लाल दोर बांधलेला होता तिथपर्यंत, पाय न टेकता, पोहत जायचं. छापील पत्रकात लिहिलं होतं : दहा मीटर. दोन्ही परीक्षांत भिंगरी दोराच्या हातभर अलीकडे येऊन पाय टेकून उभी राहिली होती. पोहायला शिकवणारी बाई शिट्टी वाजवे आणि हातातल्या पाटीवर फुली मारे. ही बाई उंच, रुंद, खांद्यांनी दार भरून टाकणारी होती. बोलायची कमी आणि वाजवायची जास्त, म्हणून पालकांनी तिचं नाव शिट्टी ठेवलं होतं. पालकांशी ती बोलायची ती त्यांच्या कपाळाच्या वर कुठेतरी बघून.

तिसऱ्या परीक्षेलाही तेच झालं. हातभर अलीकडे पाय, शिट्टी, फुली. काचेमागे काटेसाहेब बाकावरून अर्धवट उठले. शेजारी बसलेला लिफ्ट दुरुस्त करणारा मिस्त्री, ज्याचा मुलगाही त्याच जागी दुसऱ्यांदा उभा राहिला होता, पुटपुटला की सगळीच पोरं नेमकी तिथेच कशी टेकतात, काय कळत नाही.

काटेसाहेबांना मात्र कळलं. एकाच जागी सगळ्यांचं कमी भरतं, तेव्हा दोष मालात नसतो, मापात असतो, हे त्यांना बावीस वर्षांच्या नोकरीने शिकवलं होतं. भिंगरीला त्यांनी घरी पाठवलं नाही, की टॉवेलही दिला नाही. मिस्त्रीला म्हणाले, पंच म्हणून चला. खिडकीवर जाऊन बुटांवर चढवायच्या निळ्या पिशव्यांचे दोन जोड विकत घेतले, पावती घेतली आणि ऑफिसच्या बॅगेतून सरकारी शिक्क्याची पोलादी टेप काढून ते तलावाच्या काठावर पालथे पडले.

शिट्टीने शिट्टी वाजवली. काटेसाहेब उठले नाहीत. तिने पुन्हा वाजवली. त्यांनी मिस्त्रीला टेपचं टोक भिंतीला घट्ट धरायला सांगितलं. खात्याचा नियम तीनदा मोजायचा होता, म्हणून तीनदा मोजलं, आणि तिन्ही वेळा भिंतीपासून दोरापर्यंत अकरा मीटर अठ्ठावीस सेंटिमीटर भरले. काचेमागे पालकांची नाकं चपटी झाली होती. काटेसाहेबांनी ओल्या गुडघ्यांवर कागद ठेवून जागच्या जागी पंचनामा लिहिला आणि मिस्त्रीची सही घेतली. आपली सही करताना त्यांना कितीतरी वर्षांत झाला नव्हता एवढा आनंद झाला.

व्यवस्थापक धावत आला. हा गृहस्थ मऊ बोलायचा, आणि पैशांचा विषय निघाला की आणखी मऊ. त्याने पंचनामा वाचला, हात चोळले आणि अत्यंत आदराने विचारलं, "साहेब, दुकानदाराने किलोच्या पैशात सव्वा किलो दिलं, तर तुम्ही त्याला दंड करता का?"

प्रश्न खोचक होता, आणि खरं म्हणजे बरोबर होता. कायद्याने कमी देणं हा गुन्हा. जास्त देण्याला कलम नाही. काटेसाहेबांनी क्षणभर मनातल्या मनात सगळं पुस्तक चाळलं आणि त्यांना काही सापडलं नाही. तेव्हा ते म्हणाले की किलो घरी नेता येतो, दहाच्या वरचा हा पाऊण मीटर माझ्या मुलीने स्वतः पोहून दिला आहे, तोही तीनदा, आणि प्रत्येक वेळी त्याचे पैसे मी भरले आहेत.

शिट्टीने तोंडातली शिट्टी काढली.

"दोर मी बांधलाय," ती म्हणाली. "दहा मीटरला पोर दमतं. दमल्यावर कसं जायचं, तेवढंच मला शिकवायचं असतं. आधीचं पाणीच शिकवतं."

"पत्रकात दहा छापलंय."

"पत्रक मी नाही छापलं."

व्यवस्थापक दोघांच्या मध्ये आला. काचेमागच्या पालकांची गर्दी आणि सरकारी शिक्का यांच्याकडे त्याने एकेकदा पाहिलं आणि त्याचा आवाज जवळजवळ लोणी झाला. भिंगरी पास, मिस्त्रीचा मुलगाही पास. दोन जादा वर्गांची फी पुढच्या पायरीत वळती. दोर आजच दहावर. निळी टोपी तलावातर्फे सप्रेम भेट. शिट्टी म्हणाली, कागदावर पास असेल, पाण्यात नाही. व्यवस्थापकाने तिचं ऐकलं नाही, काटेसाहेबांनीही नाही. काठावर टॉवेलावाचून कुडकुडत उभ्या असलेल्या भिंगरीने मात्र सगळं ऐकलं.

घरी काटेसाहेबांनी निळी टोपी टेबलावर ठेवली. बायको इस्त्री करत होती. तिने टोपीकडे पाहिलं आणि विचारलं, पोहता येतं का तिला. त्यांनी प्रमाणपत्र पुढे केलं. तिने इस्त्री उभी केली.

"हे नदीला दाखवायचं का? की बाई, दहा मीटरच्या पुढे वाहू नको, आमचे हे टेप घेऊन येतील?"

काटेसाहेब म्हणाले, तुला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय आहे. बायको म्हणाली, हे तुम्ही म्हणताय. आणि मग जे सुरू झालं ते जेवणं होईपर्यंत चाललं. त्यात साखरेचा डबाही निघाला, तिच्या भावाला दिलेलं आणि परत मागितलेलं घड्याळही निघालं. शेवटी दोघं दोन खोल्यांत गेली आणि काटेसाहेब भिंगरीच्या उशाशी येऊन बसले. हरलेल्या माणसाला आपल्या बाजूचं एक तरी माणूस लागतं.

त्यांनी तिला समजावलं की त्या लोकांनी तुझ्याकडून फुकटात जास्त पोहून घेतलं. तुझी काही चूक नव्हती. काचेमागून ते तिचे हात मोजत आले होते, त्यावरून हिशेब करून सांगितलं, की पंचवीस हात मारलेस की तुझे दहा मीटर होतात. पंचवीस झाले की झालं. त्यापुढे एक हातही कुणाला द्यायचा नाही. भिंगरी गुणी मुलगी होती. तिने झोपेपर्यंत तीनदा पंचवीस म्हणून दाखवलं.

पुढच्या बुधवारी माशांचा पहिला धडा होता. माशांचा तलाव खोल, मोठ्या माणसाच्या डोक्यावरून हातभर पाणी. सहा निळ्या टोप्या काठावर ओळीने उभ्या राहिल्या. शिट्टीने लांब बांबू हातात घेतला आणि एकेकाला आडवं पोहत पलीकडे पाठवायला सुरुवात केली. पाच पोरं गेली. भिंगरी निघाली, तेव्हा शिट्टी तिच्या बरोबरीने काठाकाठाने चालू लागली. काटेसाहेबांना ते खटकलं. बाकीच्यांबरोबर नाही चालली, माझ्या मुलीबरोबर चालते, म्हणजे हिच्या मनात अजून अढी आहे, असं त्यांनी मिस्त्रीला सांगितलंही.

भिंगरी सुरेख पोहत होती. सरळ रेषेत, डोकं नीट वळवत. काटेसाहेब सवयीने हात मोजत होते. एकवीस. बावीस. चेहऱ्यावर हसू आलं. चोवीस. पंचवीस.

भिंगरी थांबली. हात बाजूला घेतले, पाय खाली केले आणि उभी राहिली; म्हणजे जिथे उभं राहायला काही नव्हतं तिथे उभी राहिली आणि सरळ खाली गेली.

काचेतून आवाज येत नाही. काटेसाहेबांना फक्त निळी टोपी पाण्याखाली फिकी होताना दिसली. शिट्टीने बांबू टाकला आणि ती कपड्यांनिशी आत पडली. नंतर मिस्त्रीने हिशेब केला की चार-पाच सेकंदांच्या वर काही गेलं नसेल. काटेसाहेबांना तो हिशेब पुढे कधीच पटला नाही.

कपडे बदलायच्या खोलीत भिंगरी बाकावर खोकत बसली होती. अंगाला काही झालं नव्हतं. शिट्टी तिच्यासमोर उकिडवी बसली होती, कपड्यांतून पाणी निथळत होतं. तिने विचारलं, की बाळ, इतकं छान चाललं होतं, थांबलीस का.

"पंचवीस झाले होते," भिंगरी म्हणाली.

"कसले पंचवीस?"

भिंगरीने बापाकडे बोट दाखवलं. शिट्टी उठली आणि या वेळी तिने काटेसाहेबांच्या कपाळाच्या वर कुठे न बघता नेमकं डोळ्यांत पाहिलं.

"तेवीस वर्षं पोरं पाण्यात उतरवतेय मी. बुडायचं कुठे, ते घरून शिकवून पाठवणारा बाप आजच बघितला."

काटेसाहेबांनी भिंगरीचा टॉवेल शोधला आणि तिच्या खांद्यांवर टाकला.

दुसऱ्या दिवशी भिंगरी धक्क्यावरच बसली. बोट लागली, माणसं चढली, नावाड्याने दोनदा हाका मारल्या. आईने उचलायचा प्रयत्न केला तर पोरीने खांबाला मिठी मारली आणि असा टाहो फोडला की बोटीतली माणसं आईकडेच संशयाने बघू लागली. त्या दिवसापासून मायलेकी बसने जाऊ लागल्या. बस पुलावरून जायची आणि पूल शहराच्या पार टोकाला होता. दहा मिनिटांच्या पाण्याला आता सव्वा तास लागे. आई पहाटे उठे, डबे भरे, पोरीला अर्धवट झोपेत कपडे घाली आणि जाताना नवऱ्याकडे बघत नसे. संध्याकाळी भिंगरी बादलीतल्या पाण्याने अंघोळ करायलाही नकार देई; ओल्या फडक्याने पुसून घेई.

नऊ दिवस असे गेले. दहाव्या दिवशी बायको म्हणाली, "मी तुम्हाला काही बोलत नाही. बोलून माझा दम जातो, आणि मला पहाटे उठायचंय. पण पोरीला परत पाण्यात घालायचं काम तुमचं. कसं ते मला विचारू नका, आणि मोजून दाखवू नका."

काटेसाहेब तलावावर गेले. खिडकीतल्या बाईने सवयीने चष्मा पुसला आणि ते काहीच बोलेनात, तेव्हा ती घाबरली. शिट्टी काठावर दोर ओढून घट्ट करत होती. काटेसाहेबांनी शक्य तितक्या कमी शब्दांत झालेलं सांगितलं. माफी मागायचं त्यांनी घरून ठरवलं होतं, पण ते वाक्य घशाशी आलं आणि तिथेच पाय टेकून उभं राहिलं. शिट्टीने ते मागितलंही नाही. म्हणाली, पोर एकटं उतरणार नाही आता. पालकाबरोबर उतरावं लागेल. उथळ तलाव, शनिवारी दुपारी. आई येते का?

"तिचं काम असतं."

"मग तुम्ही. पोहता येतं?"

काटेसाहेबांनी नकारार्थी मान हलवली. शिट्टी हसली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. ती म्हणाली, वाटलंच, आणि पुन्हा दोर ओढू लागली. पालकासह वर्गाची फी दीडपट होती. यातलं अर्धं कोण, असं विचारायचं त्यांच्या अगदी ओठांवर आलं. पण व्यवस्थापक हात चोळत कोपऱ्यात उभाच होता. त्यांनी दीडपट मोजली आणि पावतीही मागायचं विसरले.

शनिवारी दुपारी दोन वाजता काटेसाहेब उघड्याबंब अंगाने, पोट आत ओढून, उथळ तलावाच्या पायऱ्यांवर उभे राहिले. ज्याला काही येत नाही तो बेडूक, नियम छापील होता, त्यामुळे डोक्यावर हिरवी टोपी होती आणि ती मुलांच्या मापाची होती. भिंगरी सगळ्यात वरच्या पायरीवर गुडघे पोटाशी घेऊन, टॉवेल लपेटून बसली होती. तिच्याकडे शिट्टीने ढुंकूनही पाहिलं नाही. सगळी तोफ काटेसाहेबांवर होती.

पाणी कमरेला लागलं तेव्हा त्यांचा श्वास अडकला. तोंड पाण्यात घालून बुडबुडे काढा, शिट्टी म्हणाली. त्यांनी नाक चिमटीत धरलं. नाक सोडा. त्यांनी सोडलं, तोंड घातलं, आणि नाकातोंडात पाणी जाऊन असे ठसकत वर आले की तीन वर्षांचं एक पोर आईला बिलगलं. पुन्हा, शिट्टी म्हणाली. पुन्हा तेच. कठडा धरून पाय मारा. त्यांनी मारले; पाणी सगळं वर उडालं आणि ते होते तिथेच राहिले. शिट्टीने विचारलं, की सायकल चालवताय का, कुठे निघालात. काचेमागे मिस्त्री होता. तो हसत नव्हता, म्हणजे त्याला फार कष्ट पडत होते.

"आता तरंगा. अंग सैल सोडा."

अंग सैल सोडणं हे काटेसाहेबांनी आयुष्यात केलेलं नव्हतं. ते ताठ आडवे झाले आणि फळीसारखे बुडाले. पाय टेकले, उठले, खोकले. पुन्हा आडवे झाले, पुन्हा बुडाले. चौथ्या वेळी वर आले तेव्हा डोळे लाल झाले होते, आणि आपली मुलगी हे बघते आहे याची त्यांना इतकी लाज वाटत होती, की तिच्याकडे बघायचंही धाडस होईना.

"बाबा, मान वर धरू नका," पायरीवरून आवाज आला.

त्यांनी पाचव्यांदा केलं. मान वरच राहिली.

"सांगितलं ना, मान. तुम्ही ऐकतच नाही." आवाज वैतागला होता, त्यात आईची इस्त्री होती. "तुम्ही कधीच ऐकत नाही."

शिट्टी पाठ फिरवून दुसऱ्या मुलाची टोपी नीट करू लागली. काटेसाहेबांना मागे पाण्याची हालचाल जाणवली, पण वळून बघायची त्यांची छाती झाली नाही. एक छोटा, गारठलेला हात त्यांच्या मानेवर आला आणि त्याने मान खाली दाबली. मायेने वगैरे मुळीच नाही. चुकार माणसाला दाबावी तशी, जोर लावून.

"तोंड पाण्यात. हात पुढे. आता राहा तसेच."

"किती वेळ?" त्यांनी विचारलं.

"गप्प राहा," भिंगरी म्हणाली. ती छातीइतक्या पाण्यात उभी होती, आणि चिडल्यामुळे ते तिच्या अजून लक्षात आलेलं नव्हतं.

काटेसाहेब गप्प राहिले.